विमानतळ, डावीकडे

“विमानतळ, डावीकडे, पाचशे मीटर,” आईने पाटी मोठ्याने वाचली आणि गाडी सरळ पुढे नेली.

“आई! वळायचं होतं ना!”

“अगं हो, वाचलं की मी.” मग तिचं तिलाच उमगलं. स्टिअरिंगवरची बोटं घट्ट झाली. “वाचलं,” ती हळूच म्हणाली, “आणि वाट बघत बसले.”

गाडी कुठलीही असो, तेहतीस वर्षं हीच वाटणी होती. बाबांना लांबच्या पाट्या दिसत नसत, आणि चष्मा लावणं कमीपणाचं वाटे. आई वाचायची, बाबा वळायचे. बाबांना जाऊन आता दोन महिने झाले होते. आईला गाडीचा परवाना मिळाला तो गेल्या आठवड्यात, आणि आज लेकीला सोडायला तीच हट्टाने निघाली होती. लेकीने तिकीट दोनदा पुढे ढकललं होतं. आईला एकटीला टाकून जायला तिचा पाय निघत नव्हता. त्यात आता परत येताना या रस्त्यावर आई एकटीच असणार होती.

द्रुतगती मार्ग म्हणायचा, पण लांबी जेमतेम सहा किलोमीटर. एक पूल, एक मोठं वळण, भिंतीपलीकडे धावपट्टी, की संपला. टोकाच्या चौकात आईने वळसा घेतला. मागच्या ट्रकने हॉर्न वाजवून घेतला.

“मी चालवू का?”

“आणि परत कोण आणणार? ट्रकवाला?”

“बरं, कुठे वळायचं ते तरी सांगते.”

“काही नको. आणि तो पाय आवर. तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये.”

परतीच्या बाजूलाही तशीच निळी पाटी होती, डावीकडे उतरून पुलाखालून विमानतळाकडे नेणारी. आईने तिच्याकडे पाहिलं. ओठ मिटलेलेच राहिले. इंडिकेटर टिकटिकला आणि गाडी डावीकडे उतरली.

प्रवेशद्वारापाशी लेकीने बॅग काढली, पण हात गाडीच्या दारावरून सुटेना. “आई, अजूनही तिकीट बदलता येईल.”

“मावशी, गाडी काढा! मागे रांग लागलीये!” पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली.

“काढते रे, काढते. लेक चाललीये माझी.” आईने गिअर टाकला आणि खिडकीतून मान बाहेर काढली. “पोचलीस की फोन कर. नाही उचलला तर घाबरू नकोस. गाडी चालवत असेन.”