पेटीच्या तळाचं भोक

नवरा जाऊन वर्ष झालं नाही, तोच सून ड्रिल घेऊन नव्या होडीवर चढली, हे चांगुणा नाखविणीला मुळीच खपलं नाही. "होडीला भोकं पाडायला आणली का तुला या घरात?" ती धक्क्यावरून कडाडली.

सून सिलिंडरच्या लाकडी पेटीत वाकली होती. "आये, गॅस जड असतो. गळला तर खाली होडीच्या खणात उतरून साचतो. पेटीच्या तळाला भोक असलं की बाहेर दर्यावर निघून जातो."

हेच लेकानंही जुन्या होडीच्या पेटीला भोक पाडताना सांगितलं होतं. तेव्हा चांगुणा हसली होती. होडीत भोक दिसलं की बुजवायचं, हेच तिनं जन्मभर केलं होतं. लेक जेवायला गेला तशी तिनं त्या भोकात कापूस ठासला, वर डांबर फासलं. दुसऱ्या दिवशी समुद्रात लेकानं चहासाठी काडी ओढली. त्याला चादरीत गुंडाळून आणलं. पेटीच्या तळाची जळकी फळी, भोकातल्या डांबरासकट, किनाऱ्याला लागली, ती सुनेनं मुकाट्यानं चुलीत घातली, तेव्हा चांगुणेला हायसं वाटलं होतं.

ड्रिल थांबलं. सून मान वर न करता हळूच म्हणाली, "हे तरी बुजवू नका, आये."

चांगुणेला चुलीत घातलेली ती फळी आठवली. म्हणजे हिला सारं ठाऊक होतं, आणि तरी रोज पहिली गरम भाकरी ही आपल्याच ताटात वाढत होती.

"गावासमोर माझ्या तोंडावर थुंकली असतीस तर सुटले असते गं मी," ती म्हणाली. "तुझ्याएवढी निर्दय बाई मी पाहिली नाही."