लोककवीचं नवं गाणं

पंगत अर्ध्यावर आली आणि बायांनी ईवायाचं गाणं धरलं.

"ईवाईबोवा आले दारी, मिशीले लावून तूप,
पोळीवरच्या तुपापरीस मिशीवरचंच खूप!"

कोंढा गावातला तो मांडव हसून हसून लोळला. मुलीकडच्या बायांनी नवरदेवाच्या बापाची, म्हणजे ईवायाची, गाण्यातून थट्टा करायची आणि ईवायानं ती हसत ऐकायची, रागवायचं नाही, ही तिकडची रीतच. ईवाई होते पुंडलिकराव. लग्नपत्रिकेवरसुद्धा त्यांनी नावाआधी 'लोककवी' छापून घेतलं होतं.

गाणं सांगत होती रुखमिणी, नवरीची मोठी आई, म्हणजे थोरली चुलती. बाकीच्या बाया तिच्यामागून म्हणत होत्या. सकाळीच तिच्या देराणीनं, म्हणजे धाकट्या जावेनं, ताराबाईनं, तिचे हात धरले होते. "बाई, माह्या टीनाचं लगन आहे. त्या माणसाचा राग आज काढू नका."

"मी काहीच नाही करत," रुखमिणी म्हणाली होती. "जे करायचं ते तोच करीन."

राग जुना होता. गोसीखुर्दच्या धरणात रुखमिणीचं गाव गेलं. नव्या वसाहतीत आल्यावर पहिल्याच साली तिची मेघा तापानं गेली. चार वर्षांची पोर. जिवंतपणी तिच्यासाठी रचलेला पाळणा रुखमिणी नंतरही गुणगुणायची. प्रत्येक कडव्यात मेघीचं नाव. मग एक दिवस पुंडलिकराव आले. जुनी गाणी गोळा करून राहिलो म्हणाले. ओसरीवर बसून त्यांनी तिची सगळी गाणी मोबाइलमध्ये भरून घेतली. पाळणा म्हणताना ती रडली, तेव्हा त्यांनीही डोळे पुसले.

पुढच्या हिवाळ्यात शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरींनी तो पाळणा म्हटला. 'गीत : लोककवी पुंडलिकराव' असं मास्तरांनी आधी सांगितलं. मेघीच्या जागी आता 'राणी' होती. रुखमिणी प्रेक्षकांतून उठली आणि थेट त्यांच्या घरी गेली.

"माह्या लेकीचं नाव कायले काढलं?"

पुंडलिकराव सुपारी कातरत होते. "गाणेवाल्या बाया गावोगावी असतेत, रुखमिणीबाई," ते म्हणाले. "कवी एखादाच असतो."

ती परत आली. त्यानंतर तिनं पाळणा कधी म्हटला नाही. ज्या गाण्यातून मेघी पुसली गेली, ते तिच्या तोंडी येईना. पण टीनाची सोयरीक त्यांच्या मुलाशी, भुपेंद्रशी जुळली, त्या दिवसापासून ती धान निंदता निंदता पुन्हा ओठ हलवू लागली, नवी कडवी जुळवू लागली.

"ईवाईबोवा निजले दुपारी, घोरती अशे जोरात,
म्हशी दावं तोडून पळाल्या थेट पवनीच्या बाजारात!"

मुलाकडच्या बायाही आता पदर तोंडाला लावून हसत होत्या. रुखमिणी तिथंच थांबली. टाळ्या पडू दिल्या.

मंगलाष्टकं म्हणणारा कुलदीप माईक घेऊन पंगतीत शिरला. "व्वा! असं झकास गाणं कोणाचं? लोककवींच्या घरचं लग्न, म्हणजे लोककवींचंच असणार!"

पुंडलिकरावांनी रुखमिणीकडे एकदा पाहिलं. ती खाली मान घालून पदराचं टोक सारखं करत होती. त्यांनी हात धुतला, मिशीवरून फिरवला आणि माईक घेतला.

"स्वतःची थट्टा स्वतःच करावी, तोच खरा कवी," ते म्हणाले. "ही रचना माझीच. मागच्याच वर्षी सुचली. आमच्या विहीणबाईंनी कुठून तरी ऐकून पाठ केलेली दिसते."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

तो ओसरेपर्यंत रुखमिणीनं वाट पाहिली. मग ती उभी राहिली. माईक तिला लागला नाही.

"ईवाईबोवा उठून म्हणती, हेबी गाणं मीच केलं,
माह्या मेघीच्या पाळण्यातलं मेघीचं नावबी असंच नेलं!"

वाढप्यांचे हात थांबले. पंगतीच्या टोकाला कोणी तरी फिसकन हसलं, आणि मग सगळा मांडव पुंडलिकरावांकडे पाहू लागला. रागवायची सोय नव्हती. ईवायाचंच गाणं होतं ते. माईक त्यांच्या हातात चालूच होता, आणि त्यातून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"सांगा ना, कविराज," रुखमिणी म्हणाली, "हे कडवं तुमाले केव्हा सुचलं?"