हिरव्या ओळी

सर गेल्यावर त्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती, तेव्हा प्रुफं बघायला त्यांच्या बायकोला, बाईंना, छापखान्यात बोलावलं. आधीच्या आवृत्तीत सगळे प्रोग्रॅम काळेकुट्ट छापलेले. "तुमच्या मुंग्या आवरा आणि जेवायला या," असं बाई तीस वर्षं म्हणत आल्या होत्या. आता अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीनं एक बटण दाबलं आणि मुंग्यांना रंग चढले.

"काकू, निळे शब्द म्हणजे मशीनला दिलेले हुकूम. तांबडे ते आकडे. आणि हिरव्या ओळी म्हणजे सरांनी मधूनमधून लिहिलेल्या टिपा."

हुकूम बाईंच्या डोक्यावरून गेले. हिरवं मात्र साधं, घरातलं बोलणं होतं.

‘ही चूक सापडायला तीन दिवस लागले. जेवण दोनदा गार झालं, तिनं दोनदा गरम केलं.’

‘आज जमलं! तिला सांगायचंय. पण ती म्हणेल, मुंग्या.’

"पानं फार होतायत, काकू. हिरवं उडवू का? मशीन नाहीतरी त्या ओळी वाचत नाही, वगळून पुढे जातं."

"राहू दे गं," चष्मा पुसत बाई म्हणाल्या. "मीही वगळूनच पुढे गेले. पहिल्या पानापासून दाखव. सावकाश."