आपली घंटी

मोठ्या बाई वर्गात पाऊल टाकतात न टाकतात तोच टेबलावरची सायकलची घंटी खणखणली आणि अख्ख्या वर्गाने टाळ्या पिटल्या. मोठ्या बाईंना वाटलं, टाळ्या आपल्यासाठी. पण त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

फ्रेंचच्या बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. पोरं त्यांना पाठीमागे बोंजूरबाई म्हणत. आज बोंजूरबाईंचा फैसला व्हायचा होता. सहामाहीनंतर मोठ्या बाई अशाच येऊन बसल्या होत्या आणि जाताना मुख्याध्यापिकेच्या आवाजात सांगून गेल्या होत्या, की पोरं तोंडच उघडणार नसतील तर विषय चालवायचा कशाला? पुन्हा येईन, तेव्हाही हीच गत असेल तर पुढच्या वर्षीपासून फ्रेंच बंद.

यात खोटं काहीच नव्हतं. पोरं लिहायची सुरेख. क्रियापदं पाढ्यांसारखी घडाघडा म्हणायची. पण दोन वाक्यं मनाने बोला म्हटलं की माना खाली. चुकलं तर शेजारचा हसेल, एवढीच धास्ती. बाईंनी गाणी म्हणून पाहिली, गोळ्या वाटून पाहिल्या, एकदा तर चिडून डस्टर आपटलं. खडूची धूळ उडाली, शब्द काही फुटला नाही.

मग एका सोमवारी त्यांनी वडिलांच्या मोडक्या सायकलची घंटी लाकडी ठोकळ्यावर ठोकून आणली. नियम एकच. बोलताना चुकलं की उठायचं आणि आपली घंटी आपण वाजवायची. दुसऱ्याची वाजवायची नाही. वाजली की सगळ्यांनी टाळ्या. घंटी वाजवायची म्हणजे आधी चुकायला हवं, आणि चुकायचं म्हणजे बोलायला हवं, हे पोरांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही.

आज वर्गात बाजार भरला होता. दोन बाकं जोडून दुकान मांडलं होतं. एका गिऱ्हाइकाने फ्रेंचमध्ये टोपी मागता मागता घोडा मागितला. दुकानदारही पक्का, घोडा कालच संपला, म्हणाला, आणि त्यातही चुकला. दोघे घंटीकडे धावले. ट्रिंग, ट्रिंग! मागून एक आजीबाई काठी टेकत आल्या. ही वर्गातली मुगी. घंटी येईपर्यंत मूग गिळून बसायची, म्हणून हे नाव. तिने भाव विचारला, घासाघीस केली, दुकानदाराला लबाड ठरवलं आणि शेवटी इतक्या ऐटीत घंटी वाजवली, की टाळ्यांनी खिडकीची तावदानं थरथरली.

मोठ्या बाई कुणी न सांगता खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. बाकाच्या कडेवरून त्यांचं बोट सावकाश फिरत होतं. चेहऱ्यावरून काही कळेना. बोंजूरबाई त्यांच्यापाशी गेल्या.

"अहो, किती चुका करताहेत ही मुलं!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो ना. मागच्या वेळी तुम्ही आलात, तेव्हा एकही झाली नव्हती."

बोलून गेल्यावर बोंजूरबाईंनी जीभ चावली. संपलं सगळं, त्यांना वाटलं.

मोठ्या बाई उठल्या आणि दाराकडे निघाल्या. बाजार थांबला. टेबलापाशी येताच त्यांची पावलं अडखळली. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मुगीने हळूच घंटीचा ठोकळा त्यांच्याकडे सरकवला.

मोठ्या बाई अंधारात जिना उतरावा तशा एकेक फ्रेंच शब्द चाचपत बोलू लागल्या, "मी... लहान मुलगी... त्या बाकावर. तीन वर्षं... गप्प... बसणार."

आणि हात पुढे करून त्यांनी आपली घंटी आपणच वाजवली.