सुस्थितीत

सुतळीची गाठ सुटेना. छायाबाई ती नखांनी ओढत होत्या आणि विस्तार अधिकारी यादवसाहेब घड्याळाकडे बघत होते. साडेदहाला टीव्हीवर शाळांसाठीचा कार्यक्रम लागणार होता. तो मुलांना दाखवताना बघायचाच, असं ठरवून साहेब सायखेड्याजवळच्या या मळ्यातल्या शाळेत हजर झाले होते. आगाऊ पत्र नाही, निरोप नाही.

खोक्यात टीव्ही होता. निदान असायला हवा होता. त्र्याण्णव साली सरकारने तो शाळेला दिला आणि त्याच महिन्यात छायाबाई इथे बदलून आल्या. त्याला आता पाच वर्षं झाली. चार्ज देताना आधीच्या गुरुजींनी बजावलं होतं, "बाई, सील तोडलं की जबाबदारी तुमची. बिघडला तरी तुम्ही, चोरीला गेला तरी तुम्हीच." एवढं बोलून गुरुजी सुखाने निवृत्त झाले. टीव्ही शाळेच्या नावावर राहिला, भीती बाईंच्या.

तेव्हापासून बाईंनी ते खोकं डोळ्यांत तेल घालून जपलं. कपाटात कोंडलं, कपाटाला दोन कुलुपं लावली, किल्ल्या रोज इंदिरानगरच्या घरी नेल्या. दिवाळीच्या सुट्टीतही एसटीने येऊन त्या कुलुपं ओढून बघत. छपरावरच्या अँटेनाचा उपयोग फक्त कावळ्यांना झाला. मुलं विचारायची, टीव्ही कधी लावायचा? बाई कधी म्हणायच्या पाऊस उघडल्यावर, कधी म्हणायच्या परीक्षा झाल्यावर. खंडेनवमीला तेवढं खोकं बाहेर निघायचं. मुलं मळ्यातला झेंडू आणायची, हळदकुंकू वाहायची, हात जोडायची. घरी ज्या विळ्याखुरप्यांची पूजा व्हायची, ती दसरा झाला की कामाला लागायची. हा टीव्ही मात्र पुन्हा कपाटात जायचा.

गेल्या पावसाळ्यात कपाटातून खुडबुड ऐकू आली होती. उंदीर. बाईंनी कान लावून ऐकलं, पण खोकं काही उघडलं नाही. उघडलं आणि वायरी कुरतडलेल्या निघाल्या तर? शेजारच्या तालुक्यात एका शिक्षकाच्या हातून टीव्ही जळला आणि तो वर्षभर निलंबित होता, असं त्यांनी मीटिंगमध्ये ऐकलं होतं. खरं-खोटं कोण बघायला गेलंय? बाईंचा नवरा आजारी आणि घरात एकच नोकरी. त्या दिवसापासून त्यांनी कपाटाकडे बघणंही सोडलं.

शेवटी साहेबांनीच ब्लेडने सुतळी कापली. सील तुटलं. मुलं पुढे सरकली. दारात रुखसार उभी होती. ती धाकट्या बहिणीला सोडायला आली होती, डोक्यावर फुलांची पाटी तशीच. चौथी करून शाळा सोडली, त्याला दोन वर्षं झाली होती. आता ती आईबरोबर लोकांच्या मळ्यात फुलं तोडायची. एरवी बाईंनी तिची चौकशी केली असती. आज त्यांचं सगळं लक्ष खोक्याकडे होतं.

खोक्यातून आधी थर्माकोलचा चुरा पडला, मग उंदराच्या लेंड्या. माझी चूक झाली साहेब, मी लिहून देते, असं सांगायला बाईंनी तोंड उघडलं, पण साहेब तोवर वायर घेऊन वाकले होते. साहेबांनी वायर जोडली, बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. बाईंनी डोळे मिटून घेतले. आता संपलं सगळं, असंच त्यांना वाटलं.

खरखर झाली. मग एका बाईचा आवाज आला आणि मुलं ओरडली. पडद्यावर कुणी शिक्षिका संत्रं फिरवून पृथ्वी कशी फिरते ते समजावत होती. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. उंदराने थर्माकोलशिवाय कशालाही तोंड लावलं नव्हतं.

बाईंचा जीव भांड्यात पडला. साहेब तर भलतेच खूश झाले. कुठे टीव्ही फुटलेत, कुठे सरपंचांच्या बैठकीत जाऊन बसलेत, असं सांगत त्यांनी शेरेबुक मागवलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: 'टीव्ही सुस्थितीत. शिक्षिकेने उत्तम काळजी घेतली आहे.' बाईंनी ते दोनदा वाचलं. पाच वर्षांत त्या इतकं मोकळं कधी हसल्या नव्हत्या.

हसतच त्यांनी दाराकडे पाहिलं. रुखसार अजून तिथेच होती. पाटी खाली ठेवून, चौकटीला टेकून बघत होती. कार्यक्रम संपेपर्यंत ती हलली नाही. मग तिने पाटी उचलली, जाता जाता थांबली आणि साध्या आवाजात विचारलं,

"बाई, आम्ही शाळेत व्हतो तवापन हा चांगलाच व्हता का?"