ओट्याची उंची

“हा ओटा तोडाचा,” बाबाराव म्हणाले. “नवा जमिनीपासून तीस इंच. एक इंचही वर नाई.”

मेघाने टेप लावून पाहिला. जुना ओटा चौतीस इंच होता. काळा कडप्पा, कुठे टवका नाही की डाग नाही. असा ओटा तोडणं तिच्या जिवावर आलं. पण गिऱ्हाईक म्हणेल ते आधी निमूट लिहून घ्यायचं आणि मग गोडीगुलाबीने त्याला आपल्या वाटेवर आणायचं, ही तिची पद्धत होती. घरांच्या इंटिरिअरच्या धंद्यातल्या चार वर्षांत ही पद्धत एकदाही फसली नव्हती, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

“कोणाच्या कोपरानं मापलं, काका? उभं राह्यलं की कोपराच्या चार बोटं खाली ओटा पाह्यजे.”

“मापलं हाये. बराबर मापलं.”

ओट्याचं हे गणित तिला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. बोरगाव मेघेच्या भाड्याच्या घरात तिची आई भावना बारा वर्षं पाटावर उभी राहून भाकरी थापत होती. तिची पाठ चोळता चोळता मेघा शिकली होती.

बोर धरणाच्या या रस्त्यावर हल्ली रिसॉर्टांची रांग लागली होती. वाघ बघायला येणाऱ्या नागपूरकरांसाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घरांत भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या, दारात झोपाळे टांगले होते. आईची महिला मंडळाची गाडी दर पौर्णिमेला धरणाजवळच्या विहारात यायची. मेघा मात्र कामापुरतीच. बाबाराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बायको जाऊन पाच वर्षं झालेली, मुलगा बंगलोरला. घर मोक्याचं आणि माणूस एकटा. त्यांचा फोन आला तेव्हाच मेघाने मनात चार खोल्यांचा होमस्टे उभा केला होता. नकाशाही काढून आणला होता. बाबारावांनी तो चष्मा न लावताच बाजूला सारला.

“मले पाहुणे नाई ठेवाचे. मले घर पाह्यजे.”

“पन तुमी एकटे. एवढ्या घराचं करसान काय?”

“ते मी पाह्यतो. तू लिह्य.”

तिने लिहिलं. कपाटाची वरची फळी नको, हात पोचला पाहिजे. खुंट्या खाली. आरसा खाली. न्हाणीत धरायला दांडी. लिहिता लिहिता तिने वर पाहिलं. बाबारावांचं डोकं चौकटीला लागेल की काय एवढी त्यांची उंची. भिंतीवर बुद्धाच्या मूर्तीशेजारी बायकोचा फोटो होता. तीही चांगली उंचपुरी, नवऱ्याच्या कानाला लागणारी. म्हणजे चौतीस इंचांचा ओटा तिचा. मग हा उंच माणूस सगळं घर खाली का आणतो आहे?

बाबारावांनी चालता चालता गुडघा दाबला आणि मेघाला उत्तर सापडलं.

“काका, गुडघे धरतेत ना तुमचे? स्टुलावर बसून सैपाक कराचा, म्हनून तीस इंच. हो का नाई?”

 बाबाराव मोकळं हसले.

“हुशार हायेस. आयकलं होतं तसंच.”

मेघा खूश झाली. होमस्टे गेला तर गेला, पण आपण माणूस ओळखला, याचं तिला जास्त अप्रूप. उतारवयात एकट्यानेच रांधून खायची तयारी चाललेल्या त्या माणसाचं तिला वाईटही वाटलं.

“काम सुरू करून मधातच पुन्या-मुंबईले पळून तं नाई जाशीन?” चहाचा कप पुढे करत त्यांनी विचारलं.

“पुन्याहून आलं हाये बोलावणं,” मेघा म्हणाली. “मोठी कंपनी हाये. सोमवारपर्यंत कळवाचं हाये. पन मी नाई म्हननार.”

“काऊन?”

“आईले एकटं टाकून कशी जाऊ? अन् ती पुन्याले याले तयार नाई.”

“नीट इचारलं का तिले?”

“शंभर वेळा. इथंच बरं हाये म्हनते.”

बाबाराव काहीतरी बोलणार होते. पण त्यांनी चहाचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “मंग असंन काही कारन.”

परतीच्या वाटेवर अर्धा रस्ता मागे पडेपर्यंत मेघाच्या डोक्यात पुणंच होतं. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. रडू येईल असं वाटलं तेव्हा तिने गाडी बाजूला घेतली, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि स्वतःला बजावलं की निर्णय झाला आहे. आईने तिला एकटीने वाढवलं होतं. आता आईला एकटं सोडायचं नाही.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. भाकरी तव्यावर होती. कामाचे तपशील घरी उगाळत बसायची मेघाला सवय नव्हती.

“धरनाकडं एक काम भेटलं,” चपला काढत ती म्हणाली. “म्हातारा एकटाच राह्यते. अन् आई, पुन्याले मी नाई म्हनून कळवून देईन. तुले सोडून मी कुठं जात नाई.”

आईने भाकरी उलटली.  मग गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि लेकीसमोर येऊन उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

“पुन्याले तू जाय. माह्यी काळजी करू नोको,” ती म्हणाली. “अन् म्हातारा काऊन म्हनतेस त्याईले? फक्त ओटा तीस नाई, एकोणतीस घेजो. त्याईनं मापलं तवा माह्या पायात चप्पल होती.”