ओटीचा गुण

“गेल्या जत्रंला जिनं जिनं देवीची ओटी भरली, तिच्या घरात पाळणा हालला,” रंगूबाई सुनेला म्हणाली. “तूच तेवढी रिकामी.”

देवळापुढं बायकांची रांग लागली होती. सून संयोगिता खण-नारळ घेऊन उभी होती, सलग दुसऱ्या वर्षी. औंदा गुण आला नाही तर लेकाला, इंद्रजितला, दुसरी बायको करणार, भाची बघून ठेवलीय, असं रंगूबाईनं सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं.

गुरव नाथाजीनं गाभाऱ्यातनं मान डोलावली. चैत्रात ओटी, पौषात पोर, हे गावाला पाठ होतं. शाळेच्या दाखल्यांवर निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच महिन्यात. गाव विट्याकडचं. गडीमाणसं गलाईवाली, मुलूखभर सोनं गाळत बसलेली. घरी येतात ती जत्रेपुरती. पण एवढा विचार कोण करतंय? मूल नाही म्हटलं की बाईत खोट काढायची, तेवढी अक्कल मात्र सगळ्यांना असते.

संयोगिता इतके दिवस गप्प होती. भाचीचं नाव निघालं तशी वळली.

“आवं आत्याबाई, त्या समद्यांचं नवरं जत्रंला आल्तं. तुमचा ल्योक लग्नाच्या चौथ्या दिवशी मदुराईला गेला, त्यो अजून आला न्हाई. आन् त्या सोनियाची म्हैन्याची अडचण हुती, ती देवळाची पायरीबी चढली न्हाई. नवरा तेवढा आल्ता. तिला जुळं झालं.”

रांग फिस्सकन हसली. नाथाजीनं उगाच घंटा बडवली.

रंगूबाई बोटांवर मोजत राहिली. एकेक बाई आठवली, मग तिचा नवरा आठवला. मग तिनं कमरेचा फोन काढून लेकाला लावला आणि कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर टाकला. आत्ताच्या आत्ता गाडीत बस, म्हणून बजावलं. इंद्रजितनं दुकान सांगितलं, भट्टी सांगितली, गिऱ्हाइकं सांगितली. शेवटी आईची समजूत काढत म्हणाला,

“पर आई, तिनं ओटी भरली न्हवं? मग माझं तितं काय काम हाय?”



रंगूबाईनं फोन कापला आणि सुनेच्या हातात दिला.

“मदुराईचं तिकीट बघ ह्यात. तुझं. आन् नुसतं जायाचंच बघ, परतीचं नगं.”